थंडीआधी धुराडे

मावळातल्या धुराड्याचे नुकसान पावसाळ्यात होते आणि ते लक्षात येते थंडीत. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून पूर्वेकडे कामशेत, वडगाव, तळेगाव करत सोमाटण्यापर्यंत यावे तसा तो झपाट्याने कमी होत जातो. तरी पवनेच्या खोऱ्यातली ओल आणि पश्चिमेकडून येणारी झड इथल्या घरांनाही चुकत नाही. या चार महिन्यांत धुराडे थंड आणि बिनवापराचे उभे असते. त्याच्या सांध्यांत पाणी मुरते, पत्र्याचा नळ गंजतो, आत पाखरे घरटी करतात. मग डिसेंबरातल्या एखाद्या गारठ्याच्या रात्री हौसेने लाकडे पेटवली जातात आणि धूर वर जायचा सोडून खोलीत पसरतो. ही वेळ येऊ नये म्हणून धुराड्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमारास पाहायचे असते. ऑक्टोबरच्या उन्हाने भिंती बऱ्यापैकी सुकलेल्या असतात, छपरावरचे शेवाळ वाळल्याने पाय घसरत नाही. भातकापणी जोरात सुरू झाली की गावात गवंडी आणि मजूर मिळणे अवघड होते, म्हणून डागडुजी त्याआधीच उरकलेली बरी.

धुराडे हा शब्द इथे मुद्दाम वापरला आहे. चिमणी म्हटले की आता स्वयंपाकघरातली विजेवर चालणारी चिमणी डोळ्यांपुढे येते. तिचा या विषयाशी संबंध नाही. मावळात जाळाची साधने मुख्यतः तीन प्रकारची आहेत. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे धावू लागल्यावर खंडाळा-लोणावळ्यात बंगले वाढत गेले. अशा जुन्या बंगल्यांतली दगडी किंवा विटांची फायरप्लेस हा पहिला प्रकार. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि पवनेकाठी, सोमाटणे-तळेगावच्या आसपास शेतघरे वाढली. त्यांतल्या काहींच्या बैठकीच्या खोलीत नव्या फायरप्लेस आल्या. त्यांचे धुराडे बहुतेक वेळा पत्र्याच्या नळाचे असते. दुसरा प्रकार गावातल्या घरांची मातीची चूल. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गॅस घरोघरी नेला, पण भाकरीसाठी आणि अंघोळीच्या पाण्यासाठी चूल अजून पेटते. तिसरा प्रकार बंब आणि शेगडी. त्यांतल्या शेगडीला धुराडे नसतेच, आणि या लेखातली सर्वांत गंभीर सूचना तिच्याच बाबतीत आहे.

धूर वर का जातो, हे एकदा समजले की पुढची सगळी कामे आपोआप कळतात. तापलेली हवा हलकी होऊन धुराड्यातून वर चढते आणि तिची जागा घ्यायला खोलीतली हवा जाळाकडे ओढली जाते. हा ओढा टिकायला तीन गोष्टी लागतात: धुराडे आतून मोकळे हवे, ते पुरेसे उंच आणि उबदार हवे, आणि बाहेर गेली तेवढी हवा खोलीत यायला वाट हवी. तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात. नव्या बंगल्यांत सरकत्या काचेच्या घट्ट खिडक्या असतात. थंडी म्हणून त्या सगळ्या लावल्या आणि त्यात स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा चालू ठेवला, तर तो पंखा धुराड्यातूनच हवा खाली ओढतो. अशा घरात फायरप्लेस धुरकटते म्हणून गवंड्याला दोष दिला जातो. प्रत्यक्षात एक खिडकी चार बोटे उघडली की धूर वाटेला लागतो.

पाहणी बाहेरून सुरू करावी. मोसमी पाऊस पश्चिम आणि नैर्ऋत्य दिशेने येतो, त्यामुळे धुराड्याची तीच बाजू सर्वाधिक झोडपलेली असते. तिच्यावरचा गिलावा फुगला आहे का, दरजा पोकळ झाल्या आहेत का, पांढरट क्षार फुलले आहेत का, हे पाहावे. क्षार दिसले तर पाणी आत मुरते आहे असे समजावे. काळा दगड स्वतः पाणी फारसे पीत नाही, पाणी शिरते ते सांध्यांतून. पोकळ दरजा खरवडून बाहेरून पुन्हा भरून घ्याव्यात. धुराडे जिथे छपरातून बाहेर पडते तो सांधा सर्वांत नाजूक. मंगलोरी कौले असोत की पत्रे, तिथे नुसते सिमेंट थापलेले असेल तर ऊन-पावसाने त्याला दर वर्षी चीर पडते. दुमडलेल्या पत्र्याची पट्टी दरजेत खोचून बसवली तर ती बरीच वर्षे टिकते.

उंचीचा एक साधा नियम पुष्कळ ठिकाणी पाळला जातो. धुराडे छपरातून जिथे बाहेर येते तिथून निदान तीन फूट वर असावे, आणि दहा फुटांच्या आत छपराचा जो सर्वांत उंच भाग येतो त्याच्याहून निदान दोन फूट उंच असावे. आढ्याच्या खाली संपणाऱ्या धुराड्यात वारा छपरावरून घसरून खाली शिरतो. मावळात वारा असा आत शिरायला आणखी एक कारण असते. इथे पावसाळ्यात वारा पश्चिमेचा आणि हिवाळ्यात बहुधा पूर्व-ईशान्येकडचा असतो. पावसाची झड चुकवायला धुराड्याचे तोंड एका बाजूला ठेवले असेल तर थंडीत नेमका त्याच तोंडात वारा शिरण्याची शक्यता असते. म्हणून टोपी चारही बाजूंनी उघडी असावी. टोपीखालच्या उघड्या भागाचे एकूण क्षेत्रफळ आतल्या नळाच्या क्षेत्रफळापेक्षा कमी नसावे. त्याला साधारण अर्ध्या इंचाची जाळी लावावी. त्याहून बारीक जाळी काजळीने बुजते आणि मोठ्या जाळीतून पाखरे शिरतात.

पावसाळ्यापूर्वी धुराड्याच्या तोंडावर ताडपत्री किंवा प्लास्टिकची गोणी बांधून ठेवण्याची पद्धत आहे. पद्धत चांगली, पण बांधणारा एक आणि थंडीत पेटवणारा दुसरा असेल तर धोक्याची. आठवड्याच्या अखेरीस मुंबईहून रात्री उशिरा येणारे मालक किंवा भाडेकरू पाहुणे वर काय बांधले आहे ते पाहत नाहीत. ताडपत्री बांधली त्याच दिवशी फायरप्लेसच्या तोंडावर ठळक अक्षरांत पाटी अडकवावी आणि गोणी काढल्यावरच ती पाटी उतरवावी.

आता आतून. भरदिवसा जाळाच्या जागी डोके घालून वर पाहिले तर आकाशाचा तुकडा दिसायला हवा. धुराडे वाकडे असेल तर आरसा आणि विजेरी वापरावी. उजेड दिसला नाही तर आधी घरट्याची शंका घ्यावी. पाकोळ्या, कबुतरे आणि गव्हाणी घुबडे अशा पोकळ्या पसंत करतात. सातेरी मधमाश्याही अंधाऱ्या पोकळीत पोळे करतात. घुबडाची पिल्ले आत असतील तर ती उडून जाईपर्यंत त्या हंगामात फायरप्लेस पेटवू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार या पक्ष्याला संरक्षण आहे, आणि शेतातले उंदीर खाऊन तो भात पिकवणाऱ्यांवर जे उपकार करतो ते वेगळेच. मधमाश्यांना धूर करून हुसकावू नये. पोळ्यातले मेण पेटले तर धुराड्यातच आग लागते. सातेरीची वसाहत जिवंत काढून पेटीत बसवणारे मधपाळ आहेत, त्यांना बोलवावे. साप किंवा इतर वन्यजीव दिसल्यास वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे.

वाट मोकळी असली तरी ती काजळीने किती भरली आहे ते पाहावे लागते. काजळी तीन तऱ्हांची असते. पहिली मऊ, भुरभुरीत आणि मखमलीसारखी; ती झाडूनच निघते. दुसरी कोळशाच्या चुऱ्यासारखी, टणक पापुद्र्यांची. तिला तारेचा ब्रश लागतो. तिसरी काळीभोर, चकचकीत, डांबर ओतल्यासारखी. ती ओले लाकूड मंद जाळल्याने होते. धुरातली वाफ आणि डिंकासारखे अंश थंड भिंतीवर गोठून तिचा थर चढतो. हा थर पेटतो, आणि पेटला की धुराड्याच्या आतले तापमान हजार अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. कोणत्याही काजळीचा थर तीन मिलिमीटर झाला की सफाई करावी. सहा मिलिमीटर झाला तर सफाईपूर्वी एक काडीही पेटवू नये. डांबरी थर घरच्या ब्रशने निघत नाही. पत्र्याचा नळ असेल तर तो भाग बदलणेच स्वस्त पडते.

युरोपात धुराडी साफ करणे हा स्वतंत्र व्यवसाय आहे. आपल्याकडे तसा व्यावसायिक सहसा भेटत नाही. नळ बसवणारा फॅब्रिकेटर किंवा माहीतगार गवंडी हे काम करतो. सरळ, कमी उंचीचे धुराडे घरच्यांनाही साफ करता येते. विटांच्या धुराड्याला तारेचा ब्रश, स्टेनलेस स्टीलच्या नळाला नायलॉनचा. ब्रश नळाच्या मापाचा असावा आणि काठीला काठी जोडत तो खालून वर न्यावा, म्हणजे छपरावर चढण्याचा धोका टळतो. त्याआधी फायरप्लेसच्या तोंडावर ओले गोणपाट घट्ट बांधावे, सामान झाकावे आणि नाका-तोंडावर साधा रुमाल न बांधता धूळ अडवणारा मास्क लावावा. डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे असावेत. काम झाल्यावर लगेच साबणाने अंघोळ करावी. लंडनमध्ये १७७५ साली पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदांनी धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढे होणाऱ्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला होता. व्यवसायातल्या पदार्थामुळे कर्करोग होतो, हे दाखवणाऱ्या अगदी सुरुवातीच्या निरीक्षणांत त्याची गणना होते. मजुराकडून काम करून घेताना मास्क आणि मोजे मालकाने द्यावेत, त्यात हयगय करू नये.

सफाई झाली की झडप पाहावी. फायरप्लेसच्या गळ्याशी लोखंडी झडप असेल तर पावसाळ्यात ती गंजून अडकलेली असते. ती पूर्ण उघडते आणि पूर्ण मिटते का, हे हाताने तपासावे. अर्धवट उघडी राहणारी झडप दुरुस्त होईपर्यंत जाळ करू नये. मग जाळाच्या जागेच्या विटा. फायरब्रिकमधल्या दरजा साध्या सिमेंटने भरण्याची चूक फार ठिकाणी होते. साधे सिमेंट अशा उष्णतेत भुसभुशीत होऊन गळून पडते. तिथे उष्णता सोसणारा फायरक्लेचा मसालाच हवा. शोभेसाठी आतून काळा दगड लावलेला असेल तर अधिक सावध राहावे, कारण ओल धरलेला दगड एकदम तापला की तडकतो आणि त्याचे टवके उडतात.

नव्या शेतघरांत धुराड्यापेक्षा त्याच्या शेजाराची काळजी जास्त वाटते. एकेरी पत्र्याचा नळ लाकडी वाशापासून, पीव्हीसीच्या छतापासून किंवा कोणत्याही जळाऊ वस्तूपासून निदान दीड फूट दूर असावा; विटांच्या धुराड्यातही लाकूड आणि वीट यांच्यात दोन इंचांची मोकळी जागा लागते. फॉल्स सीलिंग नंतर बसवले असेल तर त्याच्या वर नळाभोवती काय आहे ते एकदा छत उघडूनच पाहावे. तिथे लाकडी पट्ट्या, विजेच्या तारा किंवा थर्माकोल असेल तर फायरप्लेस पेटवण्यायोग्य नाही, मग ती कितीही सुंदर असो. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा जाळाच्या लगत वापरू नये. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळते, आणि आणखी तापल्यावर निघणारा त्याचा धूर अंगात ज्वर आणतो. फायरप्लेसच्या समोर निदान १६ इंच आणि दोन्ही बाजूंना ८ इंच फरशी किंवा दगड असावा; तोंड मोठे असेल तर हीच मापे २० आणि १२ इंच धरावीत. या पट्ट्यात गालिचा, वर्तमानपत्रे, सरपणाची टोपली काही ठेवू नये.

काही फायरप्लेस या सगळ्यातून पार पडूनही धुरकटतात. त्यांची मापेच चुकलेली असतात. चित्र पाहून बांधलेल्या फायरप्लेसचे तोंड मोठे आणि नळ बारीक असतो. नळाच्या आतले क्षेत्रफळ तोंडाच्या क्षेत्रफळाच्या निदान एक दशांश हवे, गोल नळाला एक द्वादशांश चालते. म्हणजे तीन फूट रुंद आणि अडीच फूट उंच तोंडाला सुमारे ११० चौरस इंचांचा, म्हणजे जवळपास १२ इंच व्यासाचा नळ लागतो. अशा ठिकाणी सहा इंची नळ बसवला तर धूर खोलीत येणारच. नळ बदलणे शक्य नसेल तर तोंड लहान करावे. वरच्या बाजूला सहा-आठ इंचांची लोखंडी पट्टी आडवी लावली की पुष्कळदा फरक पडतो. काउंट रमफर्ड यांनी १७९० च्या दशकात लंडनमधल्या अनेक फायरप्लेस सुधारल्या त्या याच मार्गाने: जाळाची जागा उथळ केली, बाजूच्या भिंती तिरक्या केल्या आणि गळा अरुंद केला. त्यामुळे धूर कमी झाला आणि ऊबही खोलीकडे परावर्तित होऊ लागली. तरीही उघड्या फायरप्लेसमध्ये लाकडाच्या उष्णतेपैकी जेमतेम दहा-पंधरा टक्के खोलीला मिळते, बाकी वर निघून जाते, हे लक्षात ठेवावे.

दुरुस्त्या झाल्यावर चाचणी उदबत्तीने घ्यावी. झडप उघडून पेटलेली उदबत्ती तोंडाच्या वरच्या कडेशी धरावी. धूर आत ओढला गेला तर वाट चालू आहे. तो खोलीकडे वळला तर धुराड्यात थंड हवेचा गोळा बसला आहे. वर्तमानपत्राचा एक पेटता बोळा चिमट्याने गळ्याशी अर्धा मिनिट धरला की ती हवा तापून हलते. मावळात थंडीच्या रात्री दरीत गार हवा साचते आणि पहाटे धुके उतरते. अशा वेळी हा बोळा दर वेळी लागतो. हंगामाचा पहिला जाळ मोठा करू नये. सलग तीन दिवस, दिवसा, मूठभर काटक्यांचा तासभर जाळ केला म्हणजे पावसाळ्यात मुरलेली ओल हळूहळू निघते आणि वीट-दगड तडकत नाहीत. या जाळाच्या वेळी कोणीतरी बाहेर उभे राहून धुराड्याच्या अंगावर पाहावे. भिंतीतून, सांध्यातून किंवा कौलांखालून धुराची रेघ निघताना दिसली तर तिथे फट आहे.

सरपण ही या तयारीतली सर्वांत जुनी आणि सर्वांत दुर्लक्षित बाब. ताज्या तोडीच्या लाकडात वजनाच्या निम्म्यापर्यंत पाणी असते. जाळायला ते वीस टक्क्यांच्या आत यावे लागते. त्याला मावळातले जुने वेळापत्रकच योग्य आहे: थंडी सरताना तोडायचे, लगेच फोडायचे, उन्हाळाभर वाळवायचे आणि मृगाच्या आधी पडवीत रचायचे. रास जमिनीवर न ठेवता दोन आडव्या ओंडक्यांवर रचावी, पश्चिमेची बाजू आणि माथा झाकावा, बाकी बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवाव्यात. चारी बाजूंनी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले सरपण वाळत नाही, त्याला बुरशी येते. वाळलेले लाकूड हातात हलके लागते, टोकांना चिरा पडलेल्या असतात, साल सुटते आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत आवाज येतो. ओल्याचा आवाज बद्द येतो. रस्त्याकडेच्या वखारीतून ऐन डिसेंबरात घेतलेले लाकूड बहुधा ओले असते. ते पुढच्या वर्षासाठी ठेवावे.

बाभूळ आणि सुबाभूळ यांचे निखारे चांगले टिकतात. निलगिरीतले तेल भडका उडवते, म्हणून ती थोडी आणि नीट वाळलेलीच वापरावी. आंबा, जांभूळ, ऐन, हिरडा ही झाडे खासगी जमिनीत असली तरी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४ खाली येतात, परवानगीशिवाय ती तोडता येत नाहीत. कण्हेर विषारी आहे, तिची काडीही जाळात जाऊ नये. बिब्ब्याच्या लाकडाच्या धुराने अंगावर फोड येतात. प्लायवूड, रंगवलेले दरवाजे, फर्निचरचे तुकडे आणि प्लास्टिक यांचा धूर विषारी असतो. बांधकामाचा उरलेला माल फायरप्लेसमध्ये संपवण्याची सवय मोडावी. सरपणाच्या राशीत विंचू, फुरसे, मण्यार यांचा वास असतो. संध्याकाळी अंधारात हात घालून लाकूड ओढू नये. विजेरी घेऊन आधी काठीने राशीवर ठोकावे.

चुलीची तयारी वेगळी. पावसाळ्यात ओल धरलेली चूल दिवाळीआधी नव्याने सारवली जाते. माती, शेण आणि तूस यांच्या मिश्रणाने फटी बुजवून ती सावलीत वाळू द्यावी. खरी अडचण निर्धूर चुलीच्या नळाची आहे. केंद्र सरकारने १९८० च्या दशकात राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम हाती घेतला आणि लाखो घरांत अशा चुली बसल्या. पुण्याच्या 'आरती' या संस्थेनेही, जिची स्थापना १९९६ मध्ये डॉ. आनंद कर्वे यांनी केली, सुधारित चुलींवर मोठे काम केले. तरी पुष्कळ घरांतल्या अशा चुली काही वर्षांत बंद पडल्या, कारण चार इंची नळ काजळीने लवकर भरतो आणि तो साफ करायचा असतो हे सांगणारे कोणी पुन्हा आले नाही. रोज पेटणाऱ्या चुलीचा नळ महिन्यातून निदान एकदा साफ करावा. बांबूच्या टोकाला चिंध्यांचा बोळा किंवा शिंदीच्या झाडूचा जुडगा बांधला की काम भागते. जुना नळ ॲस्बेस्टॉस सिमेंटचा असेल तर तो तारेने घासू नये आणि कापू तर मुळीच नये. त्याची धूळ फुफ्फुसात गेली तर पुढे गंभीर आजार होतो. तो ओला करून, अखंड उतरवून बदलावा. तांब्याचा बंब पेटवताना आधी पाणी, मग जाळ, हा क्रम मोडला तर डाख वितळून बंब गळू लागतो. न्हाणीघरात बंब असेल तर त्याचा धूर बाहेर जायला नळ किंवा मोठा झरोका हवाच.

आता शेगडी. कोळसा लाल झाला की धूर येत नाही, म्हणून ती निर्धोक वाटते. नेमका याच समजामुळे दर थंडीत माणसे जीव गमावतात. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्याने डोळेही चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो आणि शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. झोपलेल्या माणसाला जागच येत नाही. बंद खोलीत, गाडीत किंवा पवना धरणाकाठच्या तंबूत शेगडी, बार्बेक्यू किंवा निखाऱ्यांची घमेली कधीही ठेवू नये. निखारे विझत आले आहेत असे वाटले तरी नाही, दार किलकिले ठेवून नाही, बाळंतिणीच्या खोलीतही नाही. बाळंतिणीला शेक द्यायचा तर जागे राहून, खिडकी-दार उघडे ठेवून, आणि काम होताच शेगडी अंगणात नेऊन. फायरप्लेसच्या बाबतीतही निखारे पूर्ण विझेपर्यंत झडप मिटू नये; ऊब टिकावी म्हणून झोपण्यापूर्वी झडप लावणे म्हणजे खोलीची शेगडी करणे. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, गुंगी ही लक्षणे एकाच खोलीतल्या दोघा-तिघांना एकदम जाणवली तर पित्त किंवा थकवा समजू नये. सगळ्यांना आधी उघड्यावर आणावे आणि १०८ वर फोन करावा. हा वायू ओळखणारे बॅटरीवरचे अलार्म मिळतात. भाड्याने दिल्या जाणाऱ्या प्रत्येक बंगल्यात फायरप्लेसच्या खोलीत आणि झोपायच्या खोलीत तो असायलाच हवा.

धुराड्यात आग लागली तर वरून घरघर किंवा रेल्वे जवळून गेल्यासारखा आवाज येतो, तोंडातून ठिणग्या उडतात आणि भिंत हाताला चटका देते. अशा वेळी घरातली माणसे बाहेर काढावीत, फायरप्लेसला काचेचे किंवा लोखंडी दार असेल तर ते लावावे आणि १०१ किंवा ११२ वर कळवावे. तापलेल्या धुराड्यात पाणी ओतू नये. वीट फुटते आणि वाफेने भाजते. आग विझल्यावर आतून तपासणी झाल्याशिवाय ते धुराडे पुन्हा वापरू नये. एका आगीत आतली वीट तडकते आणि दुसऱ्या वेळी जाळ थेट वाशांपर्यंत पोचतो.

राख थंड दिसली तरी तिच्या पोटात निखारे दोन-तीन दिवस धुमसत राहतात. ती प्लास्टिकच्या बादलीत, पुठ्ठ्याच्या खोक्यात किंवा कचऱ्याच्या पिशवीत भरू नये. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात काढून डबा अंगणात, मातीवर ठेवावा. हंगाम चालू असताना जाळाच्या जागी इंचभर राख राहू द्यावी, निखारे तिच्यावर चांगले टिकतात. हंगाम संपल्यावर मात्र ती पूर्ण काढावी, कारण पावसाळ्यातली ओल शोषून ती लोखंडी जाळी आणि झडप गंजवते. शुद्ध लाकडाची राख परसातल्या भाज्यांना घालता येते.

या भागातली थंडी फार दिवसांची नसते. पुण्यात जानेवारी १९३५ मध्ये पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता, पण कडाक्याच्या अशा रात्री मोजक्याच येतात आणि फायरप्लेस वर्षातून जेमतेम काही आठवडे वापरात येते. एवढ्या थोड्या वापराला दर वर्षी सफाई कशाला, असा प्रश्न मालक विचारतात. पण घरटे, गंज आणि ओल वापराची वाट पाहत नाहीत. बंगल्याची देखभाल करणाऱ्या माणसाला हा सगळा क्रम एकदा प्रत्यक्ष दाखवून द्यावा, त्याच्या हाती ब्रश, मास्क आणि विजेरी द्यावी, आणि पाहुण्यांसाठी मराठी-हिंदीत चार ओळींची सूचना फायरप्लेसशेजारी लावावी: झडप उघडा, खिडकी चार बोटे उघडी ठेवा, वाळलेलेच लाकूड घाला, निखारे विझल्याशिवाय झडप लावू नका.